आपण कुठले?

घर कसंही असलं तरी चालेल, पण एरिया चुकता कामा नये, असं अब्बा म्हणायचे. फरशी बदलता येते, ओटा फोडून नवा घालता येतो. एरिया काही फोडून नवा घालता येत नाही. माझ्या वडिलांची अर्धी नोकरी वीज मंडळात मीटर रीडर म्हणून गेली आणि उरलेली अर्धी टेबलावर. त्यामुळे निम्म्या पुण्याच्या जिन्याखाली आपण उभे राहिलो आहोत, असं ते अभिमानानं सांगत. "जिन्याखालीच ना, घरात नाही," असं मी मुद्दाम म्हणायचे. "म्हणून तर एरिया कळला," ते म्हणायचे. "आत बोलावलं असतं तर नुसता चहा कळला असता."

आमचं तेव्हाचं घर येरवड्यात होतं. भाड्याचं, तळमजल्यावरचं, नदीच्या बाजूच्या उतारावर. पत्ता सांगितला की समोरचा हमखास विचारायचा, "जेलजवळ का?" आणि अब्बा शांतपणे सांगायचे, "हो, पण बाहेरच्या बाजूला." त्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण पावसाळा सुरू झाला की दिवाळीपर्यंत त्याच्या भिंती ओल्या असायच्या. रंगाचे पोपडे निघायचे, कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायचा, आणि त्या वासात माझ्या आईचा, अम्मीचा, श्वास अडकायचा. ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवायची आणि खांदे वर ओढून हवा आत घ्यायची. शेवटच्या एक-दोन पावसाळ्यांत तर ती झोपायचीही बसूनच.

डॉक्टरांनी एकदा छाती तपासली आणि म्हणाले, "औषधं मी देतोच आहे, पण आता घर बदला. कोरडं, उंचावरचं, वारं खेळणारं बघा." चष्मा बदला म्हणावं इतक्या सहज ते बोलून गेले. आम्ही तिघंही मान डोलावून बाहेर आलो. रिक्षात बसल्यावर अब्बा म्हणाले, "चला, एरिया बघायला लागू."

तर असं आम्ही एरिया बघायला लागलो.

अब्बांचे नियम पक्के होते. पाणी रोज येतं का हे कुणाला विचारायचं नाही, फाटकासमोरच्या रस्त्यावर टँकरच्या चाकांनी खड्डे पाडलेत का ते बघायचं. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जाऊन भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली ते बघायचं. बिल्डिंगखालून पूर्वी ओढा जात होता का ते पानवाल्याला विचारायचं, बिल्डरला नाही. पश्चिमेकडे बेडरूमची भिंत असेल तर जिना उतरून खाली यायचं, कारण एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुपारी एक ते चार कुठलाही एरिया बघायला जायचं नाही. त्या वेळात पुण्यातला कुठलाही एरिया चांगलाच वाटतो, कारण सगळे झोपलेले असतात.

माझं ऑफिस हिंजवडीला. येरवड्याहून कंपनीच्या बसनं जाता-येता माझा अर्धा जन्म चालला होता, म्हणून आधी तिकडंच बघितलं. एका उंच बिल्डिंगमध्ये सॅम्पल फ्लॅट होता. अब्बा चपला काढून आत गेले आणि सरळ तिथल्या पलंगावर आडवे झाले. त्यांचे पाय घोट्यापासून बाहेर. सेल्सची मुलगी "सर, प्लीज, प्लीज," करत धावत आली.

"झोपत नाहीये हो," अब्बा म्हणाले. "पलंग लहान बनवलाय म्हणजे खोली मोठी दिसते, एवढंच बघून घेतलं."

ती मुलगी लाजली. पण गॅलरीत उभी असलेली अम्मी शेजारच्या कामावरून येणाऱ्या सिमेंटच्या धुळीनं खोकायला लागली होती. खाली आल्यावर फाटकाबाहेर टँकरची रांग दिसली आणि तो विषय तिथंच संपला. ऑफिस जवळ यावं म्हणून आईचा श्वास विकत द्यायचा, हे मला जमण्यातलं नव्हतं.

मग आम्ही शहराच्या बाकीच्या बाजूंना वळलो, आणि तिथं गाडी पुढे सरकेना. मी जाहिरात बघून फोन करायचे. फोनवर आडनाव सांगायचे, पुण्यात सगळेच सांगतात. आमचं आडनाव वतनावरून पडलेलं आहे. ते मराठ्यांत आहे, ब्राह्मणांत आहे आणि आमच्यातही आहे. ऐकणारा आपल्याला हवं ते ऐकतो. "या ना मॅडम, कधीही या," असं म्हणायचे. मग भेटीची वेळ ठरवताना वडिलांचं नाव विचारायचे, मी सांगायचे, आणि तासाभरात फोन यायचा की तो फ्लॅट कालच गेला. पुण्यातले चांगले फ्लॅट नेहमी आम्ही फोन करायच्या आदल्या दिवशीच जातात. हा काय योगायोग आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मी चिडायचे. अब्बा नाही. "बरं झालं," ते म्हणायचे, "त्याची बेडरूम पश्चिमेलाच होती." किंवा, "त्या गल्लीत गटाराचा उतार उलटा आहे, मला माहीत आहे." न बघितलेल्या फ्लॅटमध्येही त्यांना खोट सापडायची. आपल्याला नाकारलंय असं म्हणण्यापेक्षा आपण नाकारलंय असं म्हणायला त्यांना बरं वाटत असावं. मला ते बघवायचं नाही, पण मी तरी काय करणार होते?

शेवटी एक एजंट मिळाला, जो नाव ऐकूनही गायब झाला नाही. स्कूटरवरून फिरणारा, डिकीत चाव्यांचा जुडगा घेऊन हिंडणारा माणूस. तो आम्हाला कर्वेनगरला घेऊन गेला.

कर्वेनगरमधली ती जुनी सोसायटी. चार मजले, लिफ्ट नंतर बसवलेली, समोर आंब्याचं झाड. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि तिथं एकट्या काकू राहायच्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, आता मुलाकडे परदेशी कायमच्या चाललेल्या. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, या. आपण बसा. पाणी आणते."

इथं मला एका शब्दाबद्दल सांगितलं पाहिजे. 'आपण' हा अब्बांचा लाडका शब्द. मीटर बघायला जायचे तेव्हा जुन्या पुण्यातली माणसं त्यांना "आपण जरा थांबता का?" असं म्हणायची, ते त्यांना फार आवडायचं. ते म्हणायचे, "हिंदीत 'आप' वेगळं आणि 'हम' वेगळं. मराठीत समोरच्याला मान द्यायचा तर त्याला आपल्यातच घ्यावं लागतं. आपण म्हणजे तुम्ही, आणि आपण म्हणजे आपण सगळे." घरात अम्मी तिच्या सोलापूरकडच्या दख्खनीत बोलते, अब्बा तिला मराठीत उत्तर देतात, आणि त्यांचा संसार असा दोन भाषांत सुखानं झाला. पण 'आपण' मात्र अब्बांनी अम्मीलाही शिकवलं. ती ते फक्त डॉक्टरांना म्हणते.

तर काकूंनी पाणी आणलं आणि विचारलं, "आपण कुठले?"

"पुण्याचेच," अब्बा म्हणाले.

"पुण्यात कुठले?"

"वडील पेठेत राहायचे."

पेठेत म्हटल्यावर काकू खूश झाल्या. कुठल्या पेठेत, हे विचारायचं राहूनच गेलं. मग अब्बांनी सांगितलं की फार वर्षांपूर्वी ते याच रस्त्यावर मीटर बघायला यायचे, तेव्हा मागे शेतं होती, आणि एका बंगल्यातली कुत्री त्यांची सायकल ओळखायची. काकूंना तो बंगला माहीत होता. दोघंही तो बंगला, ती कुत्री, तो पाडला तेव्हा तोडलेलं आंब्याचं दुसरं झाड, असं बोलत बसले. मी आणि एजंट मधे पाहुण्यांसारखे.

अम्मी उठून खिडकीपाशी गेली होती. ती खिडकी पूर्वेला होती. बाहेर आंब्याचा शेंडा, त्याच्या पलीकडे मोकळं आणि दूरवर टेकडी. तिकडून वारा सरळ आत येत होता, पडदा खोलीच्या मध्यापर्यंत येऊन परत जात होता. अम्मी तिथल्या वेताच्या खुर्चीत बसली. मी तिच्याकडे बघत होते. तिचे खांदे खाली आले. ते नेहमी वर ओढलेले असतात हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"इधर दम नहीं लगता मेरेकू," ती म्हणाली.

काकूंनी वळून बघितलं. "अगंबाई, आपण मूळच्या हैदराबादकडच्या का?"

"नाही, ही सोलापूरची," अब्बा म्हणाले. "आम्ही मुसलमान." मी साखर घेत नाही म्हणावं तसं ते बोलले. एजंटनं स्कूटरच्या चावीकडे बघायला सुरुवात केली.

काकूंनी पाण्याचे पेले उचलले. मग म्हणाल्या, "अहो, मग काय झालं? आपण सगळे सारखेच. मला घर चांगल्या माणसांना द्यायचंय, बस." त्या मनापासून बोलत होत्या. मी हे आजही शपथेवर सांगेन. निघताना त्यांनी अम्मीला नारळाच्या वड्या डब्यात घालून दिल्या आणि म्हणाल्या, "डबा परत आणून द्यायचा हं, म्हणजे परत याल."

अब्बांनी त्या घराला सगळे नियम लावून पाहिले. एक ते चार सोडून सगळ्या वेळांना ते तिथं जाऊन आले. पावसात जाऊन आले. पानवाल्याशी बोलले. पाणी रोज, ओढा नाही, पश्चिमेला फक्त जिना. "पास," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या घराला पास केलं होतं. कर्जाचं मी बघणार होते, बँकेनं होकार दिला होता. अम्मीनं काही बांधाबांध केली नाही, पण एक दिवस मी घरी आले तर ती येरवड्याच्या घरातल्या पडद्याचं कापड हातावर घेऊन वीत लावत होती. मी काय करतेस विचारलं तर म्हणाली, "कुछ नहीं. वो खिडकी बडी है ना." त्या दिवशी मी तिला फारच प्रेमानं जेवायला वाढलं.

काकूंची एकच अट होती, आणि ती त्यांची नव्हती. सोसायटीचं ना हरकत पत्र. "साधी औपचारिकता आहे," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरी आपलेच आहेत."

सोसायटीचं ऑफिस पार्किंगमध्ये होतं. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचं वेळापत्रक. अब्बांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सेक्रेटरी सत्तरीच्या आसपासचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. उठून उभे राहिले. "या, आपण बसा. चहा घेणार का आपण?"

अब्बा त्यांच्याशी मराठीत बोलायला लागले. टाकीची क्षमता किती, लिफ्टचं देखभालीचं काम कुणाकडे, असं सगळं. सेक्रेटरी कौतुकानं ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आपलं मराठी किती सुरेख आहे हो!"

"हो," अब्बा म्हणाले, "आपलंच आहे."

सेक्रेटरी हसले. मला वाटलं ते समजले. मला अजूनही वाटतं की ते समजले होते.

मग ते म्हणाले, "माझं वैयक्तिक काहीच नाही बरं का. पण काही सभासद वयस्कर आहेत. त्यांच्या आपल्या काही सवयी, काही समजुती. आपण सुज्ञ आहात. मीटिंगमध्ये विषय घेऊ. आपण बघू, आपण विचार करू, आणि आपण कळवू."

एका दमात तीन वेळा. मी अब्बांकडे बघितलं. ते मान डोलावत होते, पण त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू एखादा ओळखीचा माणूस रस्त्यात समोरून न बोलता निघून गेला. त्या आपणमध्ये आम्ही नव्हतो. पहिल्या 'आपण सुज्ञ आहात'मध्ये होतो, पुढच्या तिन्हींत नव्हतो. इतकी वर्षं जो शब्द अब्बांनी जिवापाड सांभाळला, तो असा मधोमध चिरता येतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्या क्षणी टेबल उलटं करावंसं वाटलं. मी चहाचा कप नीट बशीत ठेवला.

त्यानंतर कुणीही आम्हाला नाही म्हणालं नाही. हे सगळ्यांत वाईट. मीटिंग पुढे ढकलली. मग कोरम झाला नाही. मग कळलं की एका सभासदाच्या पुतण्यालाही घर हवंय आणि त्यांचा विचार आधी करावा लागेल. मग सेक्रेटरी मुलीकडे गावाला गेले. मी फोन करायचे तेव्हा प्रत्येक जण अत्यंत आदरानं बोलायचा. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि या वेळी ते भिंतीत नव्हतं. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, "तक्रार कर ना यार, इल्लीगल आहे हे." करते. पण कशाची? कुणी काय केलं? सगळे चहाच विचारत होते. भांडायला समोर एखादा तरी उर्मट माणूस लागतो. आमच्या वाट्याला एकसुद्धा आला नाही. मी रोज हिंजवडीच्या बसमध्ये बसून मनातल्या मनात कडक वाक्यं तयार करायचे आणि पूल येईपर्यंत ती विरून जायची.

मधे पाऊस चालू होता. येरवड्याच्या घरात पोपडे निघत होते. अम्मी गुडघ्यांवर हात टेकवून बसत होती आणि विचारत होती, "चिठ्ठी आयी क्या उनकी?"

"येईल," अब्बा म्हणायचे.

एकदा एजंट घरी आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "साहेब, मॅडम, राग मानू नका. तो विषय सोडून द्या. आपण एरिया चुकलो."

एरिया चुकलो. अब्बा, ज्यांनी पावसात जाऊन रेघा बघितल्या, पानवाल्याकडे चौकशा केल्या, त्यांनी एजंटचा रिकामा कप उचलून आत नेला. मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं झालं, त्या लिफ्टचा काही भरवसा नव्हता. त्यांनी तेवढंही म्हटलं नाही. त्या घरात त्यांना खोट सापडली नव्हती.

काकूंचा जायच्या आदल्या दिवशी फोन आला. त्या रडत होत्या. "माझ्या हातात असतं तर मी आजच किल्ली दिली असती," त्या म्हणाल्या. "पण मला इथून नीट निघून जायचंय हो, या वयात भांडण नको वाटतं. आपण समजून घ्याल ना?" मी म्हणाले, घेऊ. दुसरं काय म्हणणार? त्यांच्यावर रागावता आलं असतं तर निदान राग कुठंतरी ठेवता आला असता. तोही ठेवायला जागा मिळाली नाही. त्यांचा डबा मी घासून ठेवला होता. तो अजून आमच्याकडेच आहे.

मग एजंटनं आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला एक एरिया दाखवला. स्कूटर लावता लावता म्हणाला, "इथं काही प्रॉब्लेम नाही बघा साहेब. सगळे आपलेच लोक आहेत." तो स्वतः त्या लोकांतला नव्हता, पण बोलण्याची पद्धत आहे.

मी विचारलं, "पाणी?"

"टँकर येतो ना."

"वारा?"

"मॅडम, ते सगळं होतं हो नंतर. वस्ती आपली आहे."

इथं अब्बांनी एकही नियम लावला नाही. आम्ही ते घर दुपारी दोन वाजता बघितलं, आणि मला तेव्हाच कळलं की ते थकले. फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. बेडरूमची भिंत पश्चिमेला. मागून ओढा जातो, म्हणजे पूर्वी जायचा, आता त्याच्यावर पार्किंग आहे. हॉलची खिडकी उघडली की शेजारच्या बिल्डिंगची भिंत, इतकी जवळ की हात बाहेर काढला तर पलीकडचा पाइप लागतो. अब्बांचे सगळे निकष एकेक करून नापास झाले आणि एकच पास झाला, जो त्यांनी कधी धरलाच नव्हता. पण अजून एक पावसाळा त्या येरवड्याच्या घरात काढणं शक्य नव्हतं. आम्ही सही केली.

तिथली माणसं चांगली आहेत, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. सामान आलं त्या दिवशी समोरच्यांनी जेवण पाठवलं. चेअरमननं अब्बांना मिठी मारली. कुणी कसलं पत्र मागितलं नाही. बहुतेक सगळे बाहेरून आलेले, कुणी उत्तरेकडून, कुणी मुंबईहून, आणि आपसात हिंदीत बोलणारे. अब्बा मीटिंगला गेले आणि सवयीनं म्हणाले, "आपण टाकीची साफसफाई कधी करतो?" सगळे गमतीनं हसले. "चाचा, आप तो पूरे मराठी हो!" तेव्हापासून बिल्डिंगमध्ये त्यांना 'मराठी चाचा' म्हणतात. प्रेमानंच म्हणतात. अब्बा घरी येऊन म्हणाले, "तिकडं मी मुसलमान होतो, इकडं मराठी झालो. म्हणजे दोन्हीकडे बरोबरच ओळखलं." मी हसले, मग आत जाऊन तोंड धुतलं.

भिंतींना ओल नाही, एवढं खरं. पण हवाही नाही. अम्मीसाठी वाफेचं मशीन आणलंय, ते सकाळ-संध्याकाळ घरघरत असतं. मी विचारलं तर ती म्हणते, "अच्छा है घर." तिनं जन्मात कधी तक्रार केलेली नाही आणि आता म्हातारपणी ती सुरू करणार नाही. मी ऑफिसचं काम घरून करते तेव्हा पलीकडच्या खोलीतून तिचा श्वास ऐकू येतो. आत जाताना शिटी वाजते, बाहेर येताना जास्त वाजते. मी मीटिंगमध्ये बोलत असते, स्क्रीनवर सगळे हसत असतात, आणि माझा एक कान तिकडे असतो. माझ्याकडे पगार आहे, पदवी आहे, फाडफाड बोलायला येणाऱ्या तीन भाषा आहेत. यातल्या कशानंही मला तिच्यासाठी एक खिडकी मिळवता आली नाही.

रविवारी सकाळी दोघं बाहेर जातात. अब्बा सांगायचे, जरा फिरून येतो. बरेच रविवार असेच गेले. परवा एका रविवारी मी म्हणाले, मीपण येते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग अब्बांनी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "कर्वेनगर."

ती सोसायटी आहे तशीच आहे. फाटकाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, आंब्याच्या फांदीखाली सिमेंटचं बाकडं आहे. तिथं ते बसतात. टेकडीकडून वारा त्या बाकड्यावरही येतो, तिसऱ्या मजल्याइतका नाही, पण येतो. अब्बा मधे आणि आम्ही दोघी दोन्हीकडे, असे आम्ही बसलो. वर बघितलं. ती खिडकी बंद होती. सभासदाच्या त्या पुतण्यानं घर घेतलंच नव्हतं. ग्रिलला 'फ्लॅट विकणे आहे'ची पाटी लटकलेली, उन्हानं अक्षरं फिकी झालेली.

"बंदच है अबी भी," अम्मी म्हणाली. पदर सावरून ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली, आणि हळूहळू तिचे खांदे खाली आले.

फाटकातून वॉचमन रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. नवीन असावा. नम्र होता. "काका, आपल्याला कोणाकडे जायचंय?"

मी अब्बांच्या दंडाला हात लावला.

"कोणाकडे नाही," ते म्हणाले. "बसलोय, आपलं असंच."

वॉचमननं मान हलवली आणि तो परत गेला. मी उठायला लागले. अम्मीनं अब्बांच्या शर्टाची बाही धरली.

"थोडा और बैठेंगे जी," ती म्हणाली. "इधर दम नहीं लगता मेरेकू."